टकळी, टीव्ही आणि टॅब : शाळेत आलेल्या साधनांची गोष्ट

मंडळी, आज जरा लांबचं लिहितोय. सवडीनं वाचा. विषय आपल्या लेकरांचा आहे.

गावच्या जिल्हा परिषद शाळेत टॅब आले की काय होतं, ते आपल्याला पाठ आहे. फीत कापली जाते. सरपंच, सभापती, केंद्रप्रमुख ओळीनं उभे राहतात, आणि पुढं चार पोट्टे हातात टॅब धरून बसवले जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते, 'जि. प. शाळा झाली डिजिटल'. फोटोला आपली काही ना नाही. गावानं पै-पै जमवून शाळेला काही दिलं तर त्याचं कौतुक व्हायलाच पाहिजे. पण त्या फोटोनंतर दोन वर्षांनी टॅबांचं काय झालं, याची चौकट कधीच छापून येत नाही. किती चालू आहेत, किती कपाटात आहेत, कोणाची बॅटरी फुगली, आणि मुख्य म्हणजे त्यावर कोणतं पोरगं काय शिकलं?

हा प्रश्न टॅबसोबत आला असं वाटत असेल तर थोडं मागं जाऊ. मुलाच्या हातात एक साधन द्यायचं आणि त्यातून सगळं शिक्षण घडवायचं, हा या देशातला सगळ्यात मोठा प्रयोग दुसरीकडं कुठं नाही, आपल्याच वर्धा जिल्ह्यात जन्मला. त्याचं काय झालं हे देवळीकरांना तरी माहीत असावं, म्हणून हा इतिहास.

आधी पाटीचं सांगतो. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती, नंतर दगडी पाटी आली. आज आपण तिला मागासलेपणाची खूण समजतो. पण जरा तिचे गुण बघा. वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही, एक पाटी चार भावंडांना पुरते. मूल लिहितं, पुसतं, पुन्हा लिहितं. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे गुरुजी नुसते रांगेतून फिरले तरी कोणाचं गणित कुठं अडलं ते त्यांना दिसतं. म्हणजे पाटी मूल आणि मास्तर यांच्या मधे येत नव्हती, दोघांना जोडत होती. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता 1937. त्या वर्षी प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली, आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडातही आली. त्यांच्यापुढं एक विचित्र अडचण होती. शिक्षणावरचा बराच खर्च दारूच्या महसुलावर चालायचा. दारूबंदी करावी तर महसूल बुडतो, महसूल बुडाला तर शाळा कशा चालवायच्या? गांधीजी तेव्हा सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहत होते. त्यांनी यावर तोडगा मांडला, की शिक्षण हस्तोद्योगातूनच द्यावं. मूल हातानं काम करत शिकेल आणि त्या कामाच्या कमाईतून शाळेचा खर्चही निघेल.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. परिषदेनं सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण आणि हस्तोद्योग केंद्रस्थानी, असे ठराव केले. मग डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू अशी माणसं त्यात होती. पुढं देशभर या योजनेला 'वर्धा शिक्षण योजना' म्हणू लागले. नई तालीम ती हीच.

समितीनं शाळेचं वेळापत्रकही करून दिलं. दिवसाचे साडेपाच तास, त्यातले 3 तास 20 मिनिटं मूळ उद्योगाला. मातृभाषेला 40 मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून 40 मिनिटं. मूळ उद्योग म्हणून सगळ्यात पुढं आली ती कताई. आपल्या भागात कापूस दारातच पिकत होता, टकळी बनवायला खर्च जवळजवळ नाही, आणि लहान मुलाच्या हातात ती सहज मावते. सूत कातता कातता तार मोजायचे म्हणजे गणित, कापूस कुठून आला म्हणजे भूगोल, मँचेस्टरचं कापड इथं कसं विकलं गेलं म्हणजे इतिहास. कल्पना किती सुंदर होती बघा. एक साधन, त्यातून सगळे विषय. आजच्या टॅबच्या जाहिराती याहून वेगळं काय सांगतात?

पण त्या परिषदेतच अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा उभे राहिले आणि त्यांनी कडक आक्षेप घेतला. मुलांच्या श्रमावर शाळा चालवायची म्हणजे एका परीनं त्यांना राबवणंच झालं, आणि शाळेतला माल बाजारात आला तर गरीब कारागिराच्या पोटावर पाय येईल, असा त्यांचा रोख होता. विशेष म्हणजे आक्षेप घेतला म्हणून त्यांना बाजूला सारलं नाही. झाकीर हुसेन समितीत त्यांनाही घेतलं गेलं. आज एखाद्या योजनेच्या सभेत कोणी शंका काढली तर काय होतं ते आपण जाणतोच, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पुढं 1938 मध्ये हरिपुरा काँग्रेसनं योजना उचलून धरली, हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला, आणि सेवाग्रामात आर्यनायकम आणि आशादेवी या दाम्पत्यानं शाळा चालवून दाखवली. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण हे सरकारी धोरणच झालं. आणि इथून घसरण सुरू झाली.

कारण उघड होतं. सेवाग्रामच्या शाळेत टकळीच्या मागं आर्यनायकम-आशादेवींसारखी माणसं होती, प्रशिक्षण होतं, रोजची चर्चा होती, सुतातून गणित कसं काढायचं हे ठाऊक असलेले शिक्षक होते. बाकी हजारो शाळांत फक्त टकळी पोचली. सूत कातायचं म्हणून कातायचं, तास संपला की ठेवून द्यायची. गणित वेगळं, टकळी वेगळी. विचार सेवाग्रामात राहिला आणि वस्तू गावोगाव गेली. शेवटी 1964 ते 66 च्या कोठारी आयोगानं 'कार्यानुभव' सुचवला, आणि आपल्यापैकी पस्तिशीच्या पुढच्या सगळ्यांना तो आठवत असेल. आठवड्याचा एक तास, रंगीत कागदाची तोरणं. दिवसाच्या 3 तास 20 मिनिटांपासून कागदी तोरणापर्यंत, हा एका साधनाचा प्रवास झाला.

ही गोष्ट टकळीची म्हणून सोडून देता येत नाही, कारण नंतर आलेल्या प्रत्येक साधनानं हीच वाट धरली.

टीव्हीचं बघा. 1975-76 मध्ये 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण इन्सॅट आलं आणि 1984 मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीत हजारो कार्यक्रम तिनं बनवले. कितीतरी पोरांनी फुलपाखराचं जीवनचक्र आणि ज्वालामुखी पहिल्यांदा पाहिला तो त्या पडद्यावर. कार्यक्रम चांगले होते. पण कार्यक्रम लागायचा तेव्हा गावात वीज असेलच असं नाही, आणि टीव्ही संच बहुतेक वेळा हेडमास्तरांच्या खोलीत कुलपाआड, कारण बिघडला तर जबाबदारी कोणाची? पुढं केंद्राचं अनुदान थांबलं, राज्यानं भार उचलला नाही, आणि 2017 मध्ये बालचित्रवाणीला कुलूप लागलं. ही तारीख ध्यानात ठेवा. तीनच वर्षांनी राज्यातल्या प्रत्येक लेकराला घरबसल्या मराठी शैक्षणिक कार्यक्रमांची गरज पडणार होती.

मधल्या काळात 1987 ला खडू-फळा योजना आली, इंग्रजीत ऑपरेशन ब्लॅकबोर्ड. नावावर हसू नका. तेव्हाच्या सरकारी पाहणीत देशातल्या दहापैकी जवळपास चार प्राथमिक शाळांत साधा फळा नव्हता. योजनेत काय होतं? दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्याचा संच. इथं दोन शिक्षक हा शब्द महत्त्वाचा. सरकारनं तेव्हा फळ्यासोबत माणूसही मोजला होता. साधनाच्या नावानं आलेल्या योजनेत शिक्षक वाढले, अशी उदाहरणं फार थोडी आहेत.

मग संगणक आला. 2000 साली गुजरात सरकारनं बडोद्याच्या नगरपालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी 'प्रथम' संस्थेनं पाहणी केली तर प्राथमिकची मुलं ते फारच थोड्या ठिकाणी वापरत होती. काही शाळांत तर ते खोक्यातच होते. पुढं त्याच संगणकांवर चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, सोबत शिकवणारा माणूस ठेवून, गणिताचे खेळ दिले, तर मुलांचं गणित चांगलंच सुधारलं. यंत्र तेच होतं, फरक माणसाचा आणि ठरलेल्या तासाचा होता.

गुजरातमध्येच 'ज्ञानशाला' या संस्थेच्या शाळांत ली लिंडन या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं दुसरी-तिसरीच्या मुलांवर आणखी नेमका अभ्यास केला. एका ठिकाणी शिकवण्याच्या तासातून मुलांना उठवून संगणकावर बसवलं. दुसऱ्या ठिकाणी शाळा सुटल्यावर जादा म्हणून संगणक दिला. पहिल्या ठिकाणी मुलं आधीपेक्षा मागं पडली. दुसऱ्या ठिकाणी पुढं गेली, आणि जास्त फायदा कच्च्या मुलांना झाला. या एका अभ्यासात मला टकळीपासूनचा सगळा इतिहास दिसतो. साधन मास्तरच्या जागी ठेवलं की नुकसान, मास्तरच्या सोबत ठेवलं की फायदा.

महाराष्ट्रातली गोष्टही ऐका. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही अमेरिकेतून निघालेली जागतिक मोहीम होती. 2006 मध्ये आपल्या केंद्र सरकारनं तिला नकार दिला. तरी 2007 मध्ये तिचा भारतातला पहिला प्रयोग झाला तो आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत. वीस-बावीस मुलं, हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप. मुलांना यंत्र हाताळायला काही वेळ लागला नाही, शाळेची गोडीही वाढली. पण एक वस्ती म्हणजे राज्य नव्हे. याच मोहिमेत दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं लाखो लॅपटॉप वाटले. 319 शाळांची पाहणी झाली, 2012 मध्ये निष्कर्ष आला, की मुलांच्या भाषेत आणि गणितात काहीही फरक पडला नाही. मुलं लॅपटॉप चालवायला शिकली, वाचायला शिकली नाहीत.

मग टॅबचा जमाना. 5 ऑक्टोबर 2011 ला दिल्लीत 'आकाश' टॅबलेट आला, जगातला सगळ्यात स्वस्त म्हणून गाजला. तो कॉलेजच्या पोरांसाठी होता, पण स्वस्त टॅबची कल्पना त्यानं खेड्यापर्यंत पोचवली. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली, गावोगावचे गुरुजी ती बघायला गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आज बालभारतीच्या पुस्तकात तुमच्या घरी जो कोड दिसतो, त्याची वाट अशा गुरुजींनी आधी चालून दाखवली. 22 जून 2015 ला राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि लोकवर्गणीतून डिजिटल शाळांची लाटच उठली. कुठं गावानं वर्गणी काढली, कुठं गुरुजींनी स्वतःच्या पगारातून प्रोजेक्टर आणला. 2017 मध्ये केंद्राचं 'दीक्षा' ॲप आलं.

यातल्या चांगल्या शाळा नीट बघितल्या तर एक गोष्ट दिसते. तिथं आधी गुरुजी होते, मग टॅब आला. गुरुजींना मुलांची अडचण माहीत होती, त्यांनी त्या अडचणीसाठी साधन शोधलं. बाकी ठिकाणी उलटं झालं. आधी टॅब आला, मग त्याचं काय करायचं ते शोधणं सुरू झालं. टकळीचंच झालं की नाही?

आणि विजेचं तर बोलायलाच नको. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं याची यादी आहे. खोल्या, पाणी, मुलामुलींची वेगळी शौचालयं, मैदान, कुंपण, ग्रंथालय. त्या यादीत वीज नाही. कित्येक वर्षं जिल्हा परिषद शाळांना घरापेक्षा महाग दरानं बिल यायचं. बिल थकलं म्हणून शाळेचं कनेक्शन कापल्याच्या बातम्या विदर्भानंही वाचल्या आणि मराठवाड्यानंही. गावानं लाखाचं साहित्य द्यायचं आणि काही हजारांच्या बिलापायी ते बंद पडायचं, हा हिशेब कोणत्या दुकानदाराला पटेल?

मग आला मार्च 2020.

शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीच्या ग्रामीण मुलांची शाळा पुन्हा उघडली ती 1 डिसेंबर 2021 ला, आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद झाली. म्हणजे जे पोरगं 2020 च्या जूनमध्ये पहिलीत जायचं, त्यानं पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही आणि दुसरीही अर्धी घरीच काढली. या काळात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणून रोज व्हॉट्सॲपवर अभ्यास यायचा. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली, ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं बनवली. बालचित्रवाणी असती तर तिचं हेच काम होतं, पण तिला आपण तीन वर्षांआधी कुलूप लावून बसलो होतो. आणि आपल्या नागपूर विभागात तर आकाशवाणीवरून, 'प्रथम'च्या मदतीनं, 'शाळेबाहेरची शाळा' चालली. एकविसाव्या शतकातल्या संकटात मदतीला आला जुना रेडिओ, कारण त्याला डेटा पॅक लागत नव्हता.

मोबाइल का कमी पडला? मोबाइल घरात नव्हता असं नाही. असर पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण शाळकरी मुलांच्या घरी 2018 मध्ये 36.5 टक्के ठिकाणी स्मार्टफोन होता, 2021 मध्ये 67.6 टक्के. तीन वर्षांत जवळपास दुप्पट. पण त्याच पाहणीत निघालं, की घरी फोन असलेल्या मुलांपैकी 26.1 टक्के मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. आपल्याकडं सांगायचं तर फोन बापाच्या खिशात आणि बाप सोयाबीनच्या वावरात. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा त्याची बॅटरी उतरलेली, रिचार्ज संपलेला, आणि मोठ्या भावाचा नंबर आधी. दोन लेकरं, एक फोन, तर पोरीचा नंबर शेवटी, हे वेगळं सांगायला नको.

परिणाम आकड्यांत आहे. तिसरीतली जी मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकतात, ती देशात 2018 मध्ये 27.3 टक्के होती, 2022 मध्ये 20.5 वर आली. शाळा उघडून, गुरुजी समोर बसून, वर्ग भरायला लागल्यावर 2024 मध्ये 27.1 झाली. फोन घराघरांत पोचले होते तेव्हा वाचन घसरलं, वर्ग भरले तेव्हा सावरलं. तंत्रज्ञानाच्या विरोधात हा पुरावा नाही, कारण साथीत दुसरा इलाज नव्हता. पण पहिली-दुसरीचं मूल एकट्या पडद्यापुढं वाचायला शिकत नाही, एवढं तरी यातून कळतं.

बाहेरच्या जगातही वारं फिरलं आहे. युनेस्कोनं 2023 चा जागतिक शिक्षण अहवाल याच विषयावर काढला आणि विचारलं, हे साधन नेमकं कोणाच्या अटींवर वापरलं जातंय? त्याच वर्षी स्वीडनसारख्या श्रीमंत देशानं लहान मुलांच्या वर्गात पुन्हा छापील पुस्तकं आणायला पैसा काढला. आपण त्यांची नक्कल करावी असं नाही, त्यांच्याकडं पुस्तकांची आणि माणसांची चणचण आपल्यासारखी नाही. पण ज्यांनी आधी चाखलं त्यांचा अनुभव ऐकायला काय हरकत आहे?

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण इतिहास सांगण्याचं कारण हेच आहे.

आज शाळेत मोबाइल सगळ्यात जास्त कोण वापरतं? मूल नाही, गुरुजी. आणि तेही शिकवायला नाही. मुलांची माहिती सरलवर, शाळेची माहिती यूडायसवर, पोषण आहाराचा रोजचा आकडा ॲपवर, 2023 च्या डिसेंबरापासून हजेरी चॅटबॉटवर. मुलांचं आधार जुळलं नाही तर पट कमी धरला जातो, पट कमी धरला तर शिक्षकाची जागा जाते. म्हणजे एका चुकलेल्या जन्मतारखेपायी गुरुजी नेटवर्क शोधत शाळेच्या गच्चीवर, आणि वर्गात पोट्टे मोकळे. शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम सांगतं, की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. फॉर्म भरणं मोबाइलवर आलं म्हणून ते शैक्षणिक होत नाही. मुलाच्या हातात साधन द्यायचं म्हणून निघालो, आणि शेवटी ते मास्तरचाच वेळ खायला लागलं.

दुसरा धोका याहून मोठा. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे 15 हजार शाळांचा हिशेब मांडून समूह शाळांचा विषय काढला गेला. 2024 मध्ये कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक जागा कंत्राटी करायचा निर्णय आला. शिक्षक रस्त्यावर आले आणि नंतर तो मागे घेतला गेला. देवळी तालुक्यातही लहान गावं कमी नाहीत, आणि लहान गावात पट कमीच असणार. उद्या कोणी म्हणेल, शाळेला स्मार्ट टीव्ही दिला, मुलांना टॅब दिले, चांगल्यातल्या चांगल्या शिक्षकाचे व्हिडिओ दिले, आता दुसरा मास्तर कशाला? ऐकायला व्यवहारी वाटेल. त्या दिवशी गुजरातचा अभ्यास आठवा. मास्तरच्या जागी यंत्र ठेवलं तिथं मुलं मागं पडली. कायद्यानं 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिले आहेत. टॅब दिल्यानं त्यातला एकही कमी होत नाही.

टॅब नको असं मी म्हणत नाही. आंदोरीच्या किंवा भिडीच्या पोरानं समुद्र पाहिलेला नसतो, त्याला लाट पडद्यावर दिसली तर बिघडलं काय? जे मूल वाचनात मागं आहे, त्याला स्वतःच्या गतीनं पुन्हा पुन्हा ऐकवणारं साधन मिळालं तर चांगलंच. शिक्षक दोन आणि वर्ग पाच, अशा शाळेत एका गटाला अर्धा तास टॅबवर सराव देऊन गुरुजी दुसऱ्या गटाकडं नीट लक्ष देऊ शकतात. हा खरा उपयोग आहे, आणि तो गुरुजींनी ठरवायचा उपयोग आहे.

म्हणून तुमच्या गावात टॅबचा, स्मार्ट टीव्हीचा विषय निघाला, वर्गणी मागितली गेली किंवा ग्रामपंचायतीच्या आराखड्यात रक्कम धरली गेली, तर फोटोच्या आधी एवढं विचारा.

एक, वीजबिल कोण भरणार, आणि किती वर्षं?

दोन, बिघडलं तर दुरुस्तीचा पैसा कुठून, आणि बिघडल्याचा ठपका गुरुजींवर येणार का? येणार असेल तर ते कपाटातच राहील, हे आत्ताच लिहून ठेवा.

तीन, कोणत्या वर्गाला, कोणत्या विषयात, आठवड्यात किती तास? 'सगळ्यांना, सगळ्यात' हे उत्तर म्हणजे उत्तर नाही.

चार, गुरुजींनी मागितलं की वरून आलं?

पाच, सहा महिन्यांनी काय तपासणार? किती टॅब चालू आहेत हे, की किती मुलं वाचायला लागली हे?

हे विचारायचा अधिकार आपल्याला कायद्यानं दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ती समिती म्हणजे सही करायचं रजिस्टर नव्हे. आयाबायांनी तिथं तोंड उघडावं. पोरगं घरी वाचून दाखवतं की नाही, हे त्यांच्याइतकं कोणत्याच ॲपला कळत नाही.

वर्ध्याच्या परिषदेत गांधीजी समोर बसलेले असताना के. टी. शहांनी शंका काढली, आणि त्यांना समितीत घेतलं गेलं. आपल्या जिल्ह्याची ही रीत आहे. नव्वद वर्षं होत आली त्याला. टकळी गावोगाव गेली आणि ती शिकवणारं माणूस मागं राहिलं, हे आपण एकदा पाहिलं आहे. टॅबच्या बाबतीत आधी माणूस मोजू, मग टॅब मोजू.

तुमच्या गावच्या शाळेत टॅब, टीव्ही, प्रोजेक्टर असेल तर आज चालू आहे का, गुरुजी त्यावर काय शिकवतात, ते लिहा. चांगलं चाललं असेल तर आवर्जून लिहा, बाकीच्या गावांना शिकता येईल. आणि आपल्या समितीतल्या पालकांपर्यंत हे पोचवा.